सांडशीचा खटका

"माझा हात लागला, की ते माझं झालं," असं म्हणून सर दोन्ही हात पाठीमागे न्यायचे आणि एप्रनच्या गाठीत अडकवून ठेवायचे. समोर एखादं पोर रडकुंडीला आलेलं असायचं, करवत लाकडात अडकून बसलेली असायची, तास संपायला पाच मिनिटं उरलेली असायची, आणि हा माणूस शांतपणे हनुवटीने दिशा दाखवायचा. "तिकडून. अहो, तुमच्या तिकडून नाही, लाकडाच्या तिकडून."

रागावले की ते आम्हाला अहो-जाहो करायचे. "आपण ही कानस उलटी धरली आहे, याची आपल्याला कल्पना आहे का?" असं पंधरा वर्षांच्या मुलीला विचारलं, की त्यापेक्षा एक कानाखाली बसलेली परवडली असं वाटतं. खूश असले की मात्र 'तू'. आमच्या अख्ख्या शाळेत मुलांना 'तू' म्हटल्यावर बरं वाटावं असा तो एकच वर्ग होता.

शाळा खराडीत, काचेच्या इमारतींच्या मागच्या गल्लीत. बोर्ड परदेशी, त्यामुळे विषयही तिकडचे. त्यातला एक होता डिझाइन अँड टेक्नॉलॉजी. आम्ही त्याला डीटी म्हणायचो. एखाद्या खऱ्या माणसाची खरी अडचण शोधायची, तिच्यावर काही तरी वस्तू सुचवायची, कागदावर काढायची, हाताने बनवायची, तपासायची आणि हे सगळं एका जाड फोल्डरमध्ये लिहून ठेवायचं, असा तो विषय. माझी आई मूळची नागपूरची. ती फोनवर मावशीला सांगायची, "एवढ्या मोठ्या शाळेत घातली, अन् तिथं सुतारकी शिकून राहिली पोरगी." मला तिचा राग यायचा. आता वाटतं, तिने नेमकं वर्णन केलं होतं.

सर आमच्याकडे यायच्या आधी बरीच वर्षं एका कारखान्याच्या टूलरूममध्ये होते, म्हणजे जिथे यंत्रांसाठी लागणारे साचे आणि सुटे भाग बनतात तिथे. कारखाना बंद पडला, मग एका टेक्निकल हायस्कुलात शिकवलं, आणि तिथून उतारवयात आमच्या शाळेत आले. राहायचे नारायण पेठेत. रोज दोन बस बदलून खराडीला यायचे आणि आमच्या आधी हजर असायचे. इतर शिक्षकांच्या गळ्यात शाळेची निळी फीत असायची. सरांनी ती ड्रिलिंग मशीनशेजारच्या खिळ्याला टांगली होती. "गळ्यात काही लोंबकळत असेल तर मशीनजवळ यायचं नाही, हा नियम मीच लिहिलाय," असं त्यांनी प्रिन्सिपॉल मॅडमना तोंडावर सांगितलं होतं. मॅडमनी नंतर तो विषय काढला नाही.

त्यांचा दुसरा ठरलेला प्रश्न म्हणजे "वापरणार कोण?" वर्गातल्या एकाने मोबाइल ठेवायचा स्टँड बनवायचं ठरवलं. सरांनी विचारलं, वापरणार कोण? तो म्हणाला, कोणीही. सर म्हणाले, "कोणीही नावाचा माणूस आमच्या नारायण पेठेत तरी राहत नाही. तुमच्या खराडीत असेल तर घेऊन या. त्याची बोटं मोजू." सगळे हसले. दुसऱ्या दिवशी तो स्टँड आजोबांसाठी झाला आणि त्याची रुंदी वाढली, कारण आजोबांचा हात थरथरायचा.

न दिसणाऱ्या कडांचं सरांना वेड होतं. धातूची पट्टी कापली की तिच्या कडेला धार येते. ती कानशीने घासून घालवायची, याला ते कड मोडणं म्हणायचे. आम्ही दिसेल तेवढ्याच भागाच्या कडा मोडायचो. आत झाकला जाणारा भाग कोण बघतंय? सर म्हणायचे, "आतली कड आधी मोडायची. बाहेरची मोडायला लाज पुरते." आम्ही हो हो म्हणायचो आणि करायचो नाही. ते स्वतः मात्र कचऱ्यात टाकायच्या तुकड्याचीसुद्धा कड मोडत. सफाई करणाऱ्या मावशींचा हात कापेल म्हणायचे.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे सहीचा दिवस. दहावीचं काम बोर्डाकडे जायच्या आधी एका कागदावर सही करावी लागायची, की हे काम विद्यार्थ्याचं स्वतःचं आहे. एक सही आमची, एक शिक्षकांची. दुसऱ्या कुठल्याही विषयाचे शिक्षक हे कागद गठ्ठ्याने पुढे सरकवायचे आणि आम्ही बाण दाखवलेल्या जागी सह्या ठोकायचो. सर तसं करायचे नाहीत. ते एकेकाला वर्कशॉपमध्ये एकटं बोलवायचे, वस्तू टेबलावर मधोमध ठेवायला लावायचे, एप्रन काढून ठेवायचे, आणि दोघांनी उभं राहायचं. मग आम्ही तो कागद मोठ्याने वाचायचा. "ही वस्तू मी स्वतः बनवली आहे." त्यानंतर सही. मग सर त्यांच्यापुरती ओळ वाचायचे आणि शाईच्या पेनने सही करायचे. आम्हाला त्याचं हसू यायचं. पण बाहेर येणारा प्रत्येक जण थोडा गप्प गप्प असायचा, हेही मला आठवतं.

आता माझ्या सांडशीकडे येते.

मी नववीत असताना आई दुचाकीवरून पडली आणि तिच्या उजव्या अंगठ्याची नस दुखावली. हात बरा झाला, पण अंगठ्यातला जोर गेला. तुम्ही कधी सांडशीने भरलं पातेलं उतरवलं असेल तर तुम्हाला ठाऊक असेल, सगळा खेळ दाबून धरण्याचा असतो. अंगठा सैल पडला की पातेलं सुटतं. आईच्या हातून एकदा दूध सुटलं ते पायावर. महिनाभर ती घरात टाचेवर चालत होती. त्यानंतर ती फडक्याने पातेली उतरवायला लागली आणि फडकं दोनदा पेटलं.

मी वर्गात सांगितलं, मला आईसाठी सांडशी बनवायची आहे. सरांनी "वापरणार कोण?" विचारलंच नाही. म्हणाले, "आईचा हात घेऊन ये." मी कणकेच्या गोळ्यावर आईच्या मुठीचा ठसा घेतला आणि डब्यातून शाळेत नेला. सर त्या गोळ्याकडे बराच वेळ बघत राहिले. हात मागेच होते. मग म्हणाले, "तुला जमेल."

'तू' म्हणाले होते. मी त्या दिवशी येरवड्यापर्यंत बसमध्ये एकटीच हसत होते.

कल्पना अशी होती. सांडशी दाबायची तळव्याने, अंगठ्याने नाही. एकदा दाबली की आत एक दातेरी पट्टी आणि तिच्यात अडकणारा खटका असेल. खटका बसला की पकड घट्ट राहील. मग दाबून धरायची गरज नाही, नुसतं उचलायचं. पातेलं खाली ठेवलं की बाहेर आलेली एक छोटी पट्टी बोटाने सरकवायची, पकड सुटेल. दांड्यांवर दोन्ही बाजूंनी लाकूड, स्क्रूने बसवलेलं, म्हणजे हात भाजणार नाही आणि खटका झाकला जाईल.

कागदावर हे फार छान दिसत होतं. प्रत्यक्षात खटका सुटायचा. पातेल्यात दोन किलो वाळू भरून वीस वेळा उचलायचं, अशी मीच माझी चाचणी ठरवली होती. पहिला खटका तिसऱ्या वेळी सुटला. दुसरा सातव्या. मग मी जाड पट्टी घेतली, तो बसेचना. एकूण नऊ खटके केले. सर शेजारी उभे राहायचे आणि म्हणायचे, "का सुटला? लिही." मी लिहायचे. "परत का सुटला? लिही." एकदा मी चिडून म्हटलं, "सर, तुम्हाला माहीत आहे ना कसा करायचा? मग सांगा ना." ते म्हणाले, "मला माहीत आहे. तुझ्या आईला माझी सांडशी हवी असेल तर मी उद्या करून देतो. तुला हवी आहे का?" मी नाही म्हटलं. कानस उचलली.

शेवटचा, नववा खटका चौदाव्या वेळी सुटला. तो शुक्रवार होता. सोमवारी चाचणीचा व्हिडिओ काढायचा होता आणि लगेच सह्या. मी शुक्रवारी निघताना खटक्याच्या टोकाला चार वेळा कानस मारली, लाकूड परत बसवलं आणि सांडशी कपाटात ठेवून घरी गेले. शनिवार-रविवार माझ्या घशाखाली घास उतरला नाही. आई म्हणत होती, "जाऊ दे ना बाई, मी फडक्यानं उतरवत जाईन."

सोमवारी सांडशीने वीस वेळा पातेलं उचललं. एकविसाव्या वेळीही उचललं, मी गंमत म्हणून तिसाव्यापर्यंत नेलं. खटका हलला नाही. मी सरांकडे पाहिलं. ते खिडकीतून बाहेर बघत होते. म्हणाले, "झालं की. लिही, का टिकला." मी लिहिलं, टोकाचा कोन बदलल्यामुळे. अर्धं पान लिहिलं. कोनाची आकृती काढली.

मग आम्ही उभे राहिलो. मी वाचलं, ही वस्तू मी स्वतः बनवली आहे. माझा आवाज आनंदाने चिरकला. सरांनी त्यांची ओळ वाचली आणि सही केली.

मला सर्वांत वरची श्रेणी मिळाली. सांडशी आईच्या ओट्यावर गेली. पुढे डिझाइनच्या कॉलेजच्या मुलाखतीत मी तीच नेली, खटक्याची गोष्ट सांगितली, नऊ वेळा चुकले आणि दहाव्यांदा चार वेळा कानस मारून जमवलं ते सांगितलं. समोरच्या बाई चष्मा काढून ऐकत होत्या. नंतर नोकरीच्या मुलाखतीतही सांगितलं. खराडीतच, आमच्या शाळेपासून चालत दहा मिनिटांवर माझं ऑफिस आहे. स्वयंपाकघरातल्या वस्तूंचं डिझाइन करते. काम अडलं, काही सुचेना, आपल्याला हे येतच नाही असं वाटायला लागलं, की मी त्या सोमवारची आठवण काढायचे. एकदा जमवलं होतं ना, मग आताही जमेल. तेवढ्यावर मी अकरा वर्षं काढली.

मागच्या वर्षी आईच्या हातून सांडशी फरशीवर पडली आणि एका बाजूचं लाकूड चिरलं. "दांडी हलून राहिली गं," आई म्हणाली. मी रविवारी स्क्रूड्रायव्हर घेऊन बसले. अकरा वर्षांत ती कधी उघडायची वेळच आली नव्हती.

लाकूड काढलं आणि आत माझा खटका नव्हता.

मी माझा खटका ओळखते हो. नऊ वेळा केला होता. साध्या पत्र्याचा, करवतीच्या रेघा दिसणारा, भोक थोडं लांबट झालेलं. हा स्प्रिंगच्या पोलादाचा होता, भोक गोल गरगरीत, आणि दातेरी पट्टीचे दातही नव्याने कापलेले. बाहेर दिसणारी छोटी पट्टी मात्र माझीच, वाकडी. ती काढून त्या नव्या खटक्यावर बारीक रिव्हेटने बसवली होती, म्हणजे बाहेरून बघणाऱ्याला फरक कळू नये. माझा एक स्क्रू तिरका गेला होता. तोही जसाच्या तसा तिरका परत बसवला होता. एवढी काळजी चोरच घेतो.

आणि खटक्याच्या चारही कडा मोडलेल्या होत्या. जिथे लाकूड येणार, जिथे कोणाचं बोट कधी जाणार नाही, तिथल्यासुद्धा. त्या माणसाला सगळं लपवता आलं, पण एक कड तशीच सोडणं काही जमलं नव्हतं.

मी ओट्याजवळ खाली बसले. आईला सांगितलं. ती म्हणाली, "मंग काय झालं? अकरा वर्षं गंज उचलून राहिली ना मी त्यानं?" नागपूरकडे पातेल्याला गंज म्हणतात. आईच्या दृष्टीने प्रश्न तिथे संपला होता. मला मात्र तो सोमवार परत परत दिसत होता. वाळूचं पातेलं, माझे उड्या मारणारे पाय, कोनाची ती आकृती. आणि खिडकीतून बाहेर बघणारे सर. त्यांनी मला खोटं बोलायला उभं केलं होतं, मोठ्याने, आणि मी खुशीत बोलले होते.

पुढच्या शनिवारी नारायण पेठेत त्यांच्याकडे गेले. निवृत्त होऊन सात वर्षं झाली होती. तिसऱ्या मजल्यावर लहानसा फ्लॅट, दारावर स्वतः कोरलेली नावाची पाटी, तिच्याखाली 'बेल एकदाच वाजवावी'. मी एकदाच वाजवली. सर बारीक झाले होते. "या, बसा," म्हणाले. मला ते 'या' टोचलं, पण त्यांनी मला ओळखलं नव्हतं इतकंच. नाव सांगितल्यावर म्हणाले, "सांडशी!"

मी रुमालातून खटका काढून टीपॉयवर ठेवला.

त्यांनी चष्मा चढवला, खटका उचलला, खिडकीपाशी नेला, अंगठ्याने दाते चाचपून पाहिले. त्यांच्या चेहऱ्यावर चक्क समाधान होतं. "किती वर्षं झाली?"

"अकरा."

"रोज वापर?"

"रोज."

"झिजलाय, पण फार नाही," ते म्हणाले. "बरा निघाला."

"सर, हा माझा नाही."

"नाही."

"तुम्ही सही केलीत."

"केली."

"मला वाचायला लावलंत. उभं करून."

यावर त्यांनी खटका परत रुमालावर ठेवला. मग म्हणाले, "तुझं वाचणं खोटं नव्हतं. तुला माहीत नव्हतं. खोटं माझं एकट्याचं होतं. तेवढी व्यवस्था मी केली होती."

"पण का?"

त्यांनी सांगितलं ते साधंच होतं. त्या वर्षी शाळेने त्यांना कळवलं होतं, की डीटीचा निकाल घसरला तर पुढच्या वर्षीपासून विषय बंद, वर्कशॉपची जागा दुसऱ्या कामाला. आमच्या खालचे चोवीस जण विषय घेऊन बसले होते. त्यांचं काय करायचं? "तुमचं काम वाईट नव्हतं," सर म्हणाले. "वेळ संपला होता. आणखी महिना असता तर तुम्ही सगळ्यांनी केलं असतं. मी तो महिना शनिवार-रविवारात उरकला."

तुम्ही, सगळ्यांनी. मी त्या शब्दांवर अडले. आता खरं सांगते. रागातच मी तिथे गेले होते, पण मनात कुठे तरी एक आशा होती. वाटत होतं, सर म्हणतील, तुझ्या आईचा भाजलेला पाय बघवला नाही. त्या कणकेच्या ठशाकडे ते किती वेळ बघत होते, ते मी विसरले नव्हते. तुझ्यासाठी मी एकदाच माझा नियम मोडला, असं म्हणाले असते तर मी रडले असते, आणि त्यांच्या पाया पडून घरी आले असते.

"म्हणजे माझं एकटीचं नाही?" मी विचारलं.

"तुझं एकटीचं कशाला? बारा होतात तुम्ही. एक सोडून सगळ्यांचं."

तो एक कोण, हे मी विचारलं नाही. तो एक मी नव्हते, एवढं कळलं होतं आणि तेवढं पुरे होतं.

"चहा टाकतो," ते म्हणाले. मी नको म्हटलं. जिन्याच्या दारापर्यंत ते सोडायला आले. "लाकूड चिरलं म्हणूनच उघडलीस ना? त्या जागी शिसव घाल. साग चिरतो," म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्या सूचनेला मी हो म्हटलं नाही, आणि घरी येऊन सागच बसवला.

त्यानंतर मी त्यांना फोन केला नाही. दिवाळीला त्यांचा मेसेज आला, शुभेच्छांचा, सगळ्यांना पाठवतात तसला. त्यालाही उत्तर दिलं नाही. ऑफिसमध्ये नवीन कामाचा आराखडा समोर घेतला, की हात थांबायचा. पूर्वी अशा वेळी मी ज्या दिवसाला धरायचे, तो दिवस आता माझा नव्हता. याचा राग कोणावर काढायचा, हेही नीट ठरत नव्हतं. शाळेचा आला, सरांचा आला, आणि अर्धं पान कोनाबद्दल लिहिणाऱ्या त्या मुलीचा तर सगळ्यात जास्त आला.

जानेवारीत सर गेले. झोपेतच गेले म्हणे. आमच्या बॅचच्या ग्रुपवर कोणी तरी कळवलं आणि शाळेने वर्कशॉपमध्येच शोकसभा ठेवली.

वर्कशॉप आहे तिथेच आहे. दोन नवी मशीन्स आली आहेत, भिंतींना रंग दिला आहे, आणि टेबलांवर आताच्या मुलांची अर्धवट कामं पडलेली होती. विषय वाचला होता, हे खरं आहे आणि ते मी नाकारत नाही. शाळेने कळवलं होतं, की सरांच्या हाताखाली बनवलेल्या वस्तू घेऊन या. मधल्या मोठ्या टेबलावर त्या मांडल्या होत्या. आजोबांचा मोबाइल स्टँड होता. पुस्तकं उभी ठेवायचा घोडा होता. कुंड्यांची तिपाई होती. मीही सांडशी नेली होती. का नेली, ते मला सांगता येणार नाही. आई म्हणाली, "ने. त्यांचीच तर आहे," आणि तिने ती घासून पुसून पिशवीत घातली.

एकेक जण उठून बोलत होता. जो तो तेच सांगत होता, सरांनी माझ्या कामाला कधी बोट लावलं नाही. मग स्टँडवाला उठला. तो आता अमेरिकेत असतो, सुट्टीवर आला होता. तो म्हणाला, "माणसावर विश्वास टाकणं म्हणजे काय, ते मी इथे शिकलो." सगळे माना डोलावत होते. मी त्या वस्तूंकडे बघत होते आणि मला एकेकीच्या आत झाकलेल्या, मोडलेल्या कडा दिसत होत्या. मला बोलायला सांगितलं. मी उठले, "सरांनी मला वस्तूकडे बघायला शिकवलं," एवढं म्हणाले आणि बसले. टाळ्या थोड्या कमी पडल्या.

सभा संपल्यावर चहा होता. टेबलाच्या टोकाला एक लाकडी डबा होता, मसाल्यांचा, सरकत्या झाकणाचा. मी सहज झाकण सरकवलं. ते अर्ध्यात अडकलं.

"थोडं उचलून सरकव," मागून आवाज आला. "पहिल्यापासून तसंच आहे ते."

मृदुला होती. आमच्याच वर्गातली, मागच्या बाकावर बसणारी, फार न बोलणारी मुलगी. आता ती कोथरूडमध्ये फिजिओथेरपिस्ट आहे. वर्गात सगळ्यात कमी श्रेणी तिला मिळाली होती, आणि निकालाच्या दिवशी आम्ही सगळ्या तिची समजूत काढत होतो, हे मला आठवलं. समजूत काढताना आम्हाला किती बरं वाटत होतं, तेही आठवलं.

मी डबा हातात घेऊन उभीच राहिले. बारा जणांमधली ती एक माझ्या समोर कागदी कपातून चहा पीत होती. मला वाटलं, हिला सांगायला हवं. बाकी कोणाला सांगून उपयोग नाही, पण हिचा हक्क आहे. तुझा डबा अडकतो, कारण तो खरा आहे. सर तुला तेवढं मोठं समजले, की तुझं अपुरं कामसुद्धा तुझंच राहू दिलं. मी आवाज खाली करून तिला सांगितलं. सरांनी तिचं सोडून सगळ्यांची कामं आतून बदलली होती, एवढंच; मला ते कधी आणि कसं कळलं, तिथपर्यंत आले नाही.

ती शांतपणे ऐकत होती. तिला धक्का बसलेला दिसला नाही.

"मला माहीत आहे," ती म्हणाली.

"सरांनी सांगितलं?"

"विचारलं होतं. सहीच्या आदल्या आठवड्यात बोलावलं आणि म्हणाले, झाकण अडकतंय, गुण जातील, दुरुस्त करून देऊ का? मी म्हटलं, नको सर, राहू दे. ते ठीक आहे म्हणाले. बस. मला वाटलं, सगळ्यांनाच विचारत असतील." तिने कप टेबलावर ठेवला आणि अगदी सहज, काही मनात न ठेवता माझ्याकडे पाहिलं. "तुला विचारलं तेव्हा तू हो म्हणालीस का?"

नऊ खटके झाल्यावर, त्या शुक्रवारी त्यांनी मला विचारलं असतं, तर मी काय म्हटलं असतं? मला नको म्हणायला आवडलं असतं. पण सरांनी विचारलं नाही. माझं उत्तर त्यांना आधीच ठाऊक होतं, किंवा ठाऊक आहे असं त्यांना वाटलं, आणि ते खरं की खोटं हे ठरवायची संधी त्यांनी माझ्याकडून काढून घेतली.

मृदुला वाट बघत होती. सहीच्या दिवशी मी जाणूनबुजून खोटं वाचलं असं तिला वाटलं तर चालेल, पण मला विचारलंच नव्हतं हे तिला कळू नये, असं मला त्या क्षणी वाटलं.

"हो," मी म्हटलं. "हो म्हणाले मी."